हळदीनं मेंदूत नव्या पेशी उगवतात? त्या व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, सगळीकडं तोच. मजकूर थोडक्यात असा : मेंदूच्या पेशी मेल्या की परत येत नाहीत हे डॉक्टर खोटं सांगतात. हळदीनं मेंदूत ८० टक्के नव्या पेशी तयार होतात, हे जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. रोज सकाळी एक चमचा सांगलीची हळद, मिरपूड आणि तूप घ्या, जोडीला ब्राह्मी आणि अश्वगंधा. पूर्वी आपल्याकडं अल्झायमर नव्हता तो यामुळंच. चाळीस दिवसांत विसरभोळेपणा जातो, गोळ्या बंद होतात, आणि घरचीच वस्तू असल्यानं अपाय शून्य.

मी सांगलीत मेडिकल चालवतो, आणि घरची थोडी हळद मिरज तालुक्यात असते. हळदीचं नाव मोठं व्हावं असं मलाही वाटतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडं पेढे वाटले होते. पण या मेसेजचं शेवटचं वाक्य वाचून लोक चालू औषधं बंद करतायत, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतोय.

"मेंदूच्या पेशी परत येत नाहीत, हे खोटं आहे"

यात तथ्य आहे, पण डॉक्टर खोटं बोलले असं मात्र नाही. स्पेनच्या रामोन ई काहाल या थोर शास्त्रज्ञानं १९१३ च्या सुमारास लिहून ठेवलं की मोठ्या माणसाच्या मेंदूत नवं काही तयार होत नाही. पुढची कित्येक दशकं सगळे तेच शिकले. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांना प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दिसल्या, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

माणसाबद्दलचा पुरावा आला १९९८ साली, स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेतले फ्रेड गेज यांच्या कामातून. काही कॅन्सर रुग्णांना विभाजन होणाऱ्या पेशींवर खूण करणारं एक रसायन दिलं गेलं होतं. ते रुग्ण दगावल्यावर त्यांचा मेंदू तपासला, तर स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात ती खूण बाळगणाऱ्या चेतापेशी सापडल्या. म्हणजे त्या पेशी मोठ्या वयात जन्मलेल्या होत्या. २०१३ साली स्वीडनच्याच योनास फ्रिसेन यांच्या गटानं आणखी विलक्षण वाट काढली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुबॉम्ब चाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. पेशी जन्मते त्या काळातलं त्याचं प्रमाण तिच्या डीएनएमध्ये नोंदलं जातं. त्यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं आणि अंदाज दिला : प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशी. अख्ख्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, हेही सोबत लक्षात ठेवा.

मग २०१८ साली एकाच वर्षी दोन उलटसुलट निबंध आले. एका गटाला प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत, दुसऱ्या गटाला म्हातारपणापर्यंत दिसल्या. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटानं दाखवलं की मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा किती वेळ आणि कसा जतन केला यावर निकाल बदलतो. त्यांना ८७ वर्षांच्या माणसातही नव्या पेशी दिसल्या, आणि अल्झायमरच्या रुग्णांत त्या कमी आढळल्या.

हे सगळं मेंदूचे पातळ काप करून, मृत्यूनंतर पाहिलेलं आहे. जिवंत माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी मोजण्याची सर्वमान्य पद्धत आजही नाही. मग हळद खाल्लेल्या माणसाच्या मेंदूत पेशी वाढल्या, हे कुणी आणि कशानं मोजलं? मेसेज पाठवणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा.

"जर्मनीत सिद्ध झालंय, ८० टक्के नव्या पेशी"

जर्मनीतलं हे संशोधन खरंच आहे. युलिश इथल्या संशोधकांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. पण त्यांनी तपासलेला पदार्थ करक्युमिन, म्हणजे ज्याच्या कॅप्सूल विकतात तो हळदीतला पिवळा घटक, नव्हता. तो होता अ‍ॅरोमॅटिक टर्मरोन, म्हणजे हळदीच्या तेलातला घटक. हंगामात मार्केट यार्डात सौदे चालू असताना पोत्यांच्या थप्प्यांमधून चाललं की जो वास नाकात भरतो, तो या उडनशील तेलाचा. पिवळा रंग करक्युमिनचा. मेसेजमध्ये नाव हळदीचं, पुरावा तेलातल्या टर्मरोनचा आणि बाजारात विक्री करक्युमिनच्या कॅप्सूलची, असा गोंधळ आहे.

आता ८० टक्के कुठून आले? उंदराच्या गर्भातून घेतलेल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढं इतर पेशी बनतात त्या, बशीत वाढवल्या आणि त्यांना टर्मरोन दिलं. ठरावीक मात्रेला त्या पेशींची वाढ ८० टक्क्यांपर्यंत जास्त झाली. बशीतली वाढ जास्त झाली, याचं मेसेजमध्ये "मेंदूत ८० टक्के नव्या पेशी" झालं. पुढं जिवंत उंदरांवरही प्रयोग झाला, पण टर्मरोन त्यांना खायला घातलं नव्हतं. ते इंजेक्शननं थेट मेंदूच्या पोकळीत सोडलं होतं. शिवाय मूळपेशी वाढणं आणि तिची कामाची चेतापेशी होऊन, टिकून, इतर पेशींशी जोडली जाणं, यात मोठं अंतर आहे. हळद लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको : उगवण चांगली झाली म्हणून कुणी व्यापाऱ्याशी दर ठरवून येत नाही.

करक्युमिनवरही असा एक अभ्यास २००८ साली झाला. कमी मात्रेत उंदरांच्या पेशींची वाढ झाली, जास्त मात्रेत तेच करक्युमिन पेशींना मारक ठरलं. मेसेजमध्ये हा दुसरा भाग नाही.

"एक चमचा हळद, मिरपूड आणि तूप"

इथं हिशोब मांडून बघू. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळद घेतली तर हातात आलं ९० मिलिग्रॅमच्या आसपास. मिरीची महती ज्या प्रयोगावरून सांगतात तो बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना एका वेळी २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं. तेवढं मिळवायला आपल्या घरच्या हळदीची पाऊण वाटी तरी एका बैठकीत खावी लागेल. नुसतं करक्युमिन दिलं तेव्हा ते रक्तात सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, सोबत दिल्यावर प्रमाण वीस पट वाढलं. "२००० टक्के" हा मिरीबद्दल सांगितला जाणारा आकडा तिथला. पण नगण्याच्या वीस पटही थोडंच असतं, आणि तेही काही तासांत रक्तातून गेलं. त्यापुढं मेंदूपर्यंत पोचायचं तर रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ओलांडायचा राहतोच.

औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं २०१७ साली करक्युमिनवरचं उपलब्ध संशोधन तपासलं. माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या होऊन गेल्या होत्या, तरी काटेकोर, खरं औषध कुणाला मिळतंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न सांगता केलेल्या चाचणीत करक्युमिन यशस्वी ठरल्याचं त्यांना आढळलं नाही. एक कारणही त्यांनी दिलं : करक्युमिन स्वतः चमकतं आणि कशाशीही चटकन प्रक्रिया करतं, त्यामुळं प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसतात.

त्यानंतरचा एक अभ्यास मात्र सांगितलाच पाहिजे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नसलेल्या ४० जणांवर दीड वर्ष चाचणी झाली. सहज शोषलं जाईल असं खास बनवलेलं करक्युमिन दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅम दिलं, आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत फायदा दिसला. आशा वाटावी असं काम आहे. पण माणसं ४०, औषध खास बनावटीचं, आणि नव्या पेशी त्यातही कुणी मोजलेल्या नाहीत. अल्झायमर झालेल्यांवरच्या चाचण्या त्याआधी झाल्या होत्या, २००८ मध्ये हाँगकाँगला आणि २०१२ मध्ये अमेरिकेत. दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत करक्युमिन देऊनही फायदा दिसला नाही.

"जोडीला ब्राह्मी आणि अश्वगंधा"

ब्राह्मीवर माणसांमध्ये बऱ्यापैकी काम झालंय. साधारण बारा आठवडे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क घेतल्यावर काही चाचण्यांत लक्षात ठेवण्यात किंवा लक्ष देण्याच्या वेगात थोडी सुधारणा दिसली. पण ती नव्या पेशींमुळं झाली असं त्यातल्या कुणी दाखवलेलं नाही. शिवाय त्या चाचण्या पाणथळ जागी वाढणाऱ्या, छोट्या मांसल पानांच्या ब्राह्मीवरच्या आहेत. आपल्याकडं कुंडीत ब्राह्मी म्हणून बहुधा गोल पानांची मंडूकपर्णी असते. ती वनस्पतीच वेगळी, तिचे घटक वेगळे.

अश्वगंधेचा जो अभ्यास पुढं केला जातो तो जपानचा, २००५ चा, उंदरांवरचा. त्यात चेतापेशींचे खुरटलेले तंतू पुन्हा वाढले आणि जोडण्या सुधारल्या. आहे त्या पेशी दुरुस्त होणं हीही मोठीच गोष्ट आहे, पण तिला "नव्या पेशी" म्हणता येत नाही.

"म्हणून आपल्याकडं अल्झायमर नव्हता"

हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या एका अभ्यासात अल्झायमरचं प्रमाण कमी आढळलं होतं, तिथून ही गोष्ट सुटली. पण त्या अभ्यासात हळदीची परीक्षा झालेली नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही आत होतं, आणि जे म्हातारे होत त्यांच्या विसरण्याला घरात कुणी आजार मानत नसे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. हे सगळे हळद खाणाऱ्या घरांतलेच लोक आहेत.

"गोळ्या बंद होतात, अपाय शून्य"

काउंटरवर एकानं वडिलांची चिठ्ठी पुढं सरकवली. बी.पी.ची गोळी, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी, स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल आणि बी-१२. शेवटच्या दोन ओळींवर अंगठा ठेवून म्हणाले, "ह्या डोक्याच्या दोन नकोत आता. तात्यांना हळदीचं चालू केलंय." काय काय देताय विचारलं. दोन वेळा चमचाभर हळद, भरपूर मिरपूड, आणि ऑनलाइन मागवलेल्या मिरीयुक्त करक्युमिनच्या कॅप्सूल. मी तिथूनच त्यांना डॉक्टरांना फोन लावायला लावला.

कारण त्या चिठ्ठीत धोका तीन बाजूंनी होता. डोनेपेझिल आजार बरा करत नाही, पण काहींचा रोजचा व्यवहार ती सावरून धरते, आणि अचानक सोडली तर प्रकृती ढासळू शकते. दुसरं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत जास्त मात्रेतली हळद रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णाचं रक्त हळदीच्या उत्पादनानंतर धोकादायक पातळ झाल्याचा इशारा न्यूझीलंडच्या औषध नियामकानं २०१८ मध्ये दिला होता. तिसरी मिरी. पायपरीनमुळं औषधं निकाली काढण्याचं यकृताचं काम मंदावतं, म्हणून तर करक्युमिन वाढतं. पण मग इतर औषधंही वाढतात. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनबाबत हे दिसलेलं आहे.

यकृताचं सांगायचं तर, अमेरिकेत औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या गटानं २०२२ मध्ये हळदीच्या पूरक उत्पादनांमुळं झालेले १० रुग्ण नोंदवले. त्यातल्या ७ जणांच्या उत्पादनात मिरी होती. अश्वगंधेमुळं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि आपल्या देशातूनही आल्यात, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. भाजी-आमटीतल्या हळदीचा यात काही दोष नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या पोटात जातेय, जाऊ द्या.

चमचे भरून खायची झालीच तर भेसळीचाही विचार करावा लागतो. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार बांगलादेशात इतका बोकाळला होता की २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारनं धाडी घालून २०२१ पर्यंत ते शून्यावर आणलं. शिसं मेंदूलाच इजा करतं. हळकुंड पारखून घेऊन गिरणीतून दळून आणायची पद्धत म्हणूनच टिकवण्यासारखी आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या चाळीस दिवसांची. विसरायला लागलेल्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, रक्तातलं सोडियम घसरणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यातल्या कशानंही माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि यावर उपाय आहेत. महिन्यापूर्वी गाडीवरून पडून डोक्याला मुका मार लागलेला असेल तर आत हळूहळू रक्त साकळत असू शकतं, तिथं चाळीस दिवस थांबणं जिवावर बेतू शकतं. म्हणून घरातलं कुणी तेच तेच विचारायला लागलं, ओळखीचा रस्ता चुकायला लागलं, तर आधी डॉक्टरांकडं न्या. बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, साखर या तपासण्या सांगलीत कुठल्याही लॅबमध्ये होतात. कान तपासून घ्या. जाताना चालू गोळ्यांसोबत चूर्णाच्या पुड्या आणि ऑनलाइनच्या डब्याही पिशवीत घालून न्या. विसरणं कधीपासून सुरू झालं, त्याआधी कुठं पडले होते का आणि गेल्या सहा महिन्यांत नेमकं काय काय विसरले, हे कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.