एफएसएची पावती, दर वर्षी तीच डोकेदुखी
एफएसए म्हणजे औषधोपचाराच्या खर्चासाठी नोकरीमार्फत मिळणारं खातं. त्यातले पैसे आपल्याच पगारातून कर लागण्याआधी कापलेले, तरी दातांच्या डॉक्टरला दिलेले 180 डॉलर दातांसाठीच होते हे सिद्ध करायचं आपणच! अमेरिकेत एफएसएचं कार्ड स्वाइप केलं म्हणजे सुटलो, असं नाही. मागाहून खातं सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र येतं: पावती पाठवा, नाहीतर कार्ड बंद.

कार्डाची स्लिप पाठवली की नामंजूर, कारण तिच्यावर उपचार काय केला ते नसतं. त्यांना रुग्णाचं नाव, डॉक्टर, उपचाराची तारीख, उपचार आणि रक्कम, सगळं एकाच कागदावर हवं. नुसती 'मागील बाकी' लिहिलेलं बिलही परत येतं. त्यापेक्षा विमा कंपनीच्या साइटवरून ईओबी (कुठल्या उपचाराचे विम्याने किती दिले नि आपल्याकडे किती राहिले, हा तपशील) डाउनलोड करा आणि तोच जोडा.

आणि तारीख उपचाराची धरतात, पैसे भरल्याची नाही. डिसेंबरात दाढ भरून घेतली नि बिल जानेवारीत भरलं, तरी खर्च जुन्याच वर्षाचा. 2025 साली खात्यात टाकायची मर्यादा 3,300 डॉलर होती. त्यातले पुढच्या वर्षात नेता येत होते फार तर 660, तेही नोकरी देणाऱ्या कंपनीच्या प्लॅनमध्ये सोय असेल तरच. बाकीचे बुडाले. एका कागदापायी घामाचा पैसा जातो, याचा खरंच संताप येतो.