राजेंद्रबाबूंची सही

महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना राष्ट्रपतिपदाचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी हमखास विचारते, "सर, मग राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्काच ना?" या वर्षीही तो प्रश्न आला, घंटा झाली आणि माझे उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पूर्ण करतो, कारण हे पद आज ज्या रूपात आपल्यासमोर आहे ते केवळ घटनेच्या कलमांतून आलेले नाही. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी आपल्या बारा वर्षांत ते घडवले, आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग त्यांनी स्वतःला न पटलेली गोष्ट मान्य करून घडवला, असे माझे ठाम मत आहे.

मूळ घटनेतले ७४ वे कलम काढून पाहावे. राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल, एवढेच त्यात म्हटले होते. तो सल्ला मानलाच पाहिजे, असे शब्द तेथे नव्हते. ५३ व्या कलमाने तर संघराज्याची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते की, इंग्लंडच्या राजाचे जे स्थान तेच आपल्या राष्ट्रपतींचे. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राष्ट्रावर राज्य करणार नाहीत. पण सभागृहातले स्पष्टीकरण म्हणजे घटनेचा मजकूर नव्हे, आणि ही फट समितीचे अध्यक्ष असलेल्या राजेंद्रबाबूंच्या नजरेतून सुटली नव्हती. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितले की, सल्ला बंधनकारक करणारी तरतूद घटनेत नसली तरी राजाने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागण्याचा इंग्लंडमधला संकेत आपल्याकडेही रुजेल, अशी आशा आहे.

दोन महिन्यांनी, २४ जानेवारी १९५० रोजी, तेच बिनविरोध राष्ट्रपती म्हणून निवडले गेले. त्याच दिवशी घटनेवर सह्या झाल्या. हस्तलिखित प्रतीचे सह्यांचे पान ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की, नेहरूंच्या सहीच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेत राजेंद्रबाबूंची सही तिरकी बसवलेली आहे. त्या पानावर माझी नजर प्रत्येक वेळी तेथेच थांबते.

कसोटीचा प्रसंग सप्टेंबर १९५१ मध्ये आला. हिंदूंच्या विवाहाचे आणि वारशाचे नियम बदलणारे, कायदामंत्री डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल संसदेपुढे होते. राजेंद्रबाबूंचा त्याला मनापासून विरोध होता, आणि त्यांचा एक मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. तेव्हाची संसद हंगामी होती, प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. तेव्हा कोट्यवधी लोकांच्या विवाहाचे आणि वारशाचे नियम बदलण्याचा कौल तिला कोणी दिला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले की, विधेयकाला संमती देणे, ते परत पाठवणे किंवा संसदेला संदेश देणे या बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्यापासून स्वतंत्रपणे, स्वतःच्या विवेकाने वागण्याची आपली इच्छा आहे. नेहरूंनी हा प्रश्न महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यापुढे ठेवला. दोघांचाही अभिप्राय एकच आला: राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत.

येथे माझी बाजू लपवून ठेवणार नाही. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मी पूर्णपणे बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. विरोधापुढे आणि तोंडावर आलेल्या निवडणुकीपुढे नमते घेऊन सरकारने ते बिल बाजूला ठेवले, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्या विरोधात देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींचे वजन होते, याचे मला आजही वाईट वाटते. तरीही पुढे जे घडले त्याचे श्रेय राजेंद्रबाबूंना न देणे अन्यायाचे होईल. निवडून आलेल्या संसदेने त्याच सुधारणा तुकड्यातुकड्यांनी मंजूर केल्या. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, १९५६ मध्ये वारसा कायदा आला, आणि दोन्हींवर संमतीची सही राजेंद्रबाबूंची आहे. त्यांनी मंत्रिमंडळाशी उघड संघर्ष मांडला असता तर ७४ व्या कलमाचा अर्थ नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दशकात रस्त्यावर ठरला असता. त्यांनी मतभेद कागदावर मांडला, उत्तर ऐकले आणि पदाची मर्यादा पाळली.

वेगळ्या प्रकारचा राष्ट्रपती हवा असणारी माणसेही तेव्हा होती, हे आपण विसरतो. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी घटना समितीत थेट जनतेने निवडलेल्या राष्ट्रपतींचा आग्रह धरला होता, आणि १९५२ च्या निवडणुकीत तेच राजेंद्रबाबूंच्या विरोधात उभे राहिले. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मतमूल्य (आमदार-खासदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या वजनाची बेरीज) मिळाले, शाह यांना ९२,८२७.

राजेंद्रबाबूंच्या मनातला प्रश्न मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी राष्ट्रपतींचे अधिकार ब्रिटिश राजापेक्षा कोठे वेगळे आहेत याचा अभ्यासकांनी विचार करावा, असे जाहीरपणे सुचवले. नेहरूंना ते रुचले नाही. मला मात्र या भाषणामुळे राजेंद्रबाबूंविषयीचा आदर वाढल्यासारखा वाटतो, कारण दहा वर्षे मनात शंका बाळगूनही त्यांनी ती शंका कृतीत उतरू दिली नव्हती. आचरण आधी झाले आणि कायद्याचे शब्द मागून आले. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची हीच मर्यादा सांगितली, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती मजकुरात घातली, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली, तेव्हा मंत्रिमंडळाने तिचा आग्रह सोडला. विधेयके परत पाठवण्याची तरतूद तर १११ व्या कलमात पहिल्यापासूनच होती. तिचा आधार घेऊन डॉ. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांचे (खासदारांना कोणती सरकारी पदे घेता येतील हे ठरवणारे) विधेयक संसदेकडे परत पाठवले, आणि संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यावर सही केली. आक्षेप लेखी नोंदवायचा आणि अखेरचा शब्द निवडून आलेल्यांचा मानायचा, या रीतीचा उगम मला १९५१ च्या त्या पत्रव्यवहारात दिसतो.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगायची राहून गेली. राष्ट्रपतींनी किती वेळा निवडून यावे याला घटनेत मर्यादा नाही. तरीही मे १९६२ मध्ये दुसरी मुदत संपताच राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपती भवन सोडले आणि ते पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहायला गेले. त्यांच्यानंतर आजवर एकही राष्ट्रपती दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही.