पंधरा सह्या पुरल्या असत्या, पण...

काल रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही केली एकदाची. तेव्हापासून सोसायटीचा ग्रुप नुसता पेटलाय, फुगे काय, नाचणारे स्टिकर काय, एकाने तर पेढ्यांचा फोटो टाकला (पेढे कुठायत ते विचारू नका). ह्याच ग्रुपवर गेलं दीड वर्ष ह्याच माणसाला आडमुठा, विघ्नसंतोषी, बिल्डरकडून पाकीट हवं असेल, सगळं बोलून झालंय. बोलणाऱ्यांत मी पण होतो, आणि मी सेक्रेटरी आहे, म्हणून आज लिहितोय.

मुलुंड पूर्व. सत्तरच्या दशकातली बिल्डिंग, २८ घरं, लिफ्ट नाही, जिन्यात प्लास्टर कधी डोक्यावर पडेल सांगता येत नाही. रीडेव्हलपमेंटला नाही कोण म्हणणार! त्यात नियम पण सोपा झालाय. सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ खाली २००९ चा जीआर (सरकारी निर्णय) होता त्यात तीन-चतुर्थांश बहुमताची भानगड होती, ४ जुलै २०१९ च्या जीआरने ते ५१ टक्क्यांवर आणलं. म्हणजे आमच्या २८ मधले १५ पुरे. आमच्याकडे २७ होते. मग एका म्हाताऱ्याच्या मागे कशाला लागायचं, असं कमिटीत सगळ्यांचं म्हणणं, आणि कागदावर बरोबरच होतं ते.

पण माझं मत सांगतो, शिव्या पडल्या तरी चालतील, ह्या ५१ टक्क्यांनी कमिट्यांना आळशी करून टाकलंय. नियम का बदलला ते कळतं मला, दोन-तीन जणांच्या हट्टापायी टेकू लावलेल्या बिल्डिंगीत लोकं वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून राहिलीत. पण आधी निदान दारोदार फिरावं तरी लागायचं, आता पंधरापर्यंत मोजलं की उरलेल्यांच्या घराची बेल कोण वाजवतोय! अहो पण बिल्डिंग ५१ टक्के पडत नाही ना, पडते ती अख्खी. ज्याने सही नाही केली त्यालाही चावी द्यायचीच आहे, नाही दिली तर कोर्ट, तारखा, आणि उरलेले सगळे तोपर्यंत लटकलेले.

माझे बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. १९४६ च्या कायद्याने मालकांशी बोलायचा हक्क मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार सगळे दत्ता सामंतांच्या मागे. कायद्याचा माणूस एक, कामगारांचा माणूस दुसरा. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कोणी जाहीरच केलं नाही कधी. बाबा एवढंच म्हणायचे, ज्याच्याशी बोलायचं त्याला सोडून सगळ्यांशी बोलले. मला ते ह्या दीड वर्षात कळलं.

तर काका. मी १९ वर्षं सेल्समध्ये आहे, ऑफिसने अंधेरीच्या हॉटेलात बसवून निगोशिएशनचं ट्रेनिंग पण दिलंय, त्यामुळे माज होता. तीन वेळा लॅपटॉप घेऊन गेलो, एक्सेल दाखवलं, आता एवढा कार्पेट (घराच्या आतली जागा), नंतर एवढा, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) एवढा, भाडं एवढं. ते ऐकून घ्यायचे, काकू चहा द्यायच्या, आणि शेवटी काकांचं "बघू". चौथ्यांदा गेलो तेव्हा जुलैचा धो धो पाऊस, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणून पहिल्यांदा मान वर करून खोली बघितली. कपाटाशेजारी बादली. वरून टप टप.

मी बोललो, "काका, किती वर्षं गळतंय?" ते काही न बोलता आत गेले आणि फाईल घेऊन आले. रेल्वेतनं रिटायर झालेला माणूस, फाईल कशी असणार. टेरेसच्या गळतीबद्दल सोसायटीला लिहिलेली ११ पत्रं, प्रत्येकावर आमचाच इनवर्डचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा, शिक्का, शेवटच्या दोनांवर माझी सही. उत्तर एकाचंही नाही. म्हणाले, "जी सोसायटी पत्राला उत्तर देत नाही तिच्या भरवशावर मी घराची चावी देऊ?"

काय बोलणार. फाईल घरी आणली, दोन रविवार बसून अकराच्या अकरा पत्रांना उत्तरं लिहिली, जिथं आमची चूक होती तिथं चूक झाली असं सरळ लिहिलं. चेअरमन हसले, बिल्डिंगच पडणार आता, गळतीची उत्तरं कसली देतोयस. दिली नेऊन.

काकांनी सगळी वाचली, चष्मा पुसला, आणि ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट काढला. पेन्सिलने खुणाच खुणा! प्रोजेक्ट खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी (बिल्डरने हात वर केले तर बँक पैसे भरते ती हमी) बिल्डरकडून घ्यायची असं ७९अ च्या गाइडलाइनमध्ये आहे, ड्राफ्टमध्ये त्या जागी "परस्पर संमतीने ठरेल तशी". ताबा लांबला तर भाडं कोण देणार, ह्यावर एक ओळ नाही. आम्ही २७ जणांनी ते वाचलंच नव्हतं हो, आम्ही कार्पेट आणि कॉर्पसचे आकडे बघून खूश! बिल्डरचा माणूस दोन आठवडे फुगून बसला, मग दोन्ही कलमं घातली.

अडणारा प्रत्येक जण असा असतो असं नाही म्हणत मी. बाजूच्या सोसायटीत एकाला खरंच फक्त जास्तीचं पार्किंग हवंय, तिथं वापरा ना खुशाल ५१ टक्के. पण कोण कुठला ते त्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय कळायचं कसं? आणि चौथ्या वेळी माझा लॅपटॉप चालू असता तर मला कळलं असतं का, हे मला अजून माहीत नाही.

काल साडेनऊला संमतीपत्र घेऊन गेलो. काकांनी परत एकदा वाचलं, सही केली, तारीख टाकली आणि कागद माझ्या हातात न देता स्वतःकडे ओढून धरला.

"इनवर्ड नंबर?"

शिक्का खाली ऑफिसात. गेलो तीन मजले खाली.