चिडिंगस्टोनचं दुकान: 1453 हे साल नेमकं कशाचं?

चिडिंगस्टोन हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं गाव. तिथलं लाकडी सांगाड्याचं दुकान 1453 चं म्हणून सांगितलं जातं, आणि त्यावरच्या लेखाखाली आपण दोन हरकती नोंदवल्या आहेत. लाकूड पावसात पाचशे वर्षं टिकत नाही, म्हणजे हे दुकान कधीतरी पाडून नव्याने बांधलेलं असणार, ही पहिली. 1453 हे साल म्हणजे निव्वळ जाहिरात, ही दुसरी. दाखला म्हणून कोकणातल्या आपल्या घराचे खांब दिलेत, साठ वर्षांत भुसा झालेले.

दुसरी हरकत अर्धी मान्य. 1453 हे कागदावरच्या पहिल्या नोंदीचं साल आहे. 1517 मध्ये ही मालमत्ता थॉमस बुलिन, म्हणजे पुढे आठव्या हेन्रीची राणी झालेल्या ॲन बुलिनच्या वडिलांकडे होती. 1939 मध्ये गावच नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने घेतलं. कागद मालकी सांगतात, एखादा खांब कधी तोडला ते सांगत नाहीत. म्हणून ‘1453 ची इमारत’ म्हणणं सैल आहे, ‘1453 पासूनची नोंद’ म्हणणं बरोबर. दर्शनी काचा तर मध्ययुगीन नाहीतच. तेव्हाच्या दुकानांना उघडे गाळे आणि लाकडी झडपा असत.

लाकूड कोणत्या वर्षीचं ते खोडातल्या वाढीच्या कड्यांवरून, म्हणजे वर्षवलयांवरून काढतात. सालीखालची शेवटची कडी शाबूत असेल, तर झाड तोडल्याचं वर्षच मिळतं. बाहेरचं कच्चं लाकूड अर्धवट उरलं असेल, तर अंदाज येतो, कारण दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये त्याच्या साधारण 9 ते 41 कड्या असतात. ते तासून टाकलं असेल, तर फक्त ‘या सालानंतर’ एवढंच. भरभर वाढलेल्या ओकमध्ये कड्या कमी, आणि पन्नासच्या आत असल्या तर बहुधा उत्तरच येत नाही. आग्नेय इंग्लंडात ही अडचण नेहमीची.

आता टिकण्याचं. बेलीफ नावाचं घर याच चिडिंगस्टोनचं. बाऊ बीच जलाशयात जाणार म्हणून ते सुटं करून ससेक्समध्ये सिंगलटनच्या संग्रहालयात उभारलं. त्याचा मुख्य दालनाचा सांगाडा 1405 ते 1430 दरम्यानचा आहे. त्याच गावचा ओक, तोच पाऊस.

हा ओक ओला असतानाच घडवत. कुसू खाचेत बसवायचा आणि खुंटीचं भोक दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो. लाकूड वाळताना वाकतं, पिळतं, पण सांधा सुटत नाही. भिंत भार घेत नाही, ती नुसता कूड: ओकच्या उभ्या काठ्या, हेझल या झुडपाच्या फोकांची वीण, वर माती-पेंढा-शेण आणि चुना. ओल आली तरी वाळून जाते. शिवाय तिथे वाळवी नाही. कोकणात ती जमिनीतून चढते. म्हणून तुलना मुळातच तिरकी आहे.

अशा घरांचा खरा घात विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांनी केला. कुडाच्या जागी सिमेंट भरलं. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, मग कडेला केसाएवढी फट पडते. पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि खालच्या तुळईच्या खाचेत साचतं. आधी बुरशी येते, मग ‘डेथवॉच’ भुंगेरा, ज्याला असंच ओलसर, बुरशीने मऊ झालेलं ओक आवडतं. बाहेरून रंग छान दिसतो आणि पेचकस मात्र मुठीपर्यंत आत जातो! उपाय: सिमेंट खरवडायचं, सांगाडा वाळू द्यायचा, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तिरक्या सांध्याने नवा ओक जोडायचा, मग पुन्हा कूड आणि चुना. पूर्ण खांब बदलण्याची वेळ क्वचित येते.

आपल्या घराचे उरलेले खांब बघा. फक्त तळाची हात-दीड हात उंची गेली असेल, तर तळखड्याभोवती नंतर ओतलेलं सिमेंट आणि परसातून येणारं पाणी आधी तपासा. वरपर्यंत मातीच्या नळ्या चढलेल्या असतील, तर ती वाळवी. तिथे जोत्यालगतच्या जमिनीवर इलाज केल्याशिवाय नवं लाकूड घालू नका.