खुलासा : इंग्लंडच्या जुन्या शेतघरांतल्या तुळया जहाजांच्या नाहीत

इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांच्या फोटोंसोबत एक मेसेज फिरतोय : 'या तुळया १५८८ साली बुडालेल्या स्पॅनिश आरमाराच्या जहाजांच्या आहेत. लाकडातल्या रिकाम्या खाचा हाच पुरावा.' हे खरं नाही.

वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात उभं असलेलं 'बेलीफ' हे शेतघर बघा. मूळचं केंटमधलं. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ते सुटं करून इथे पुन्हा उभारलं. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचा सगळ्यात जुना भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा ठरतो, म्हणजे आरमाराच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचा! मधल्या दालनाला माळाच नाही, नजर थेट छपरापर्यंत जाते. चूल दालनाच्या मधोमध, जमिनीवर. धुराड्याची सोय नसल्याने अशा घरांच्या वाशांवर काजळीचे थर चढत.

मग त्या खाचा कसल्या? बहुतेकदा मधली भिंत काढली की तिच्या खांबांच्या खाचा तुळईत तशाच उरतात. शिवाय पाडलेल्या घराचं लाकूड दुसऱ्या घराला वापरायची रीत होतीच. सुतार ओल्या ओकचे सांधे आधी जमिनीवर जुळवून बघत, त्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत आणि मग लाकडी खुंट्या ठोकून सांगाडा उभा करत. ही कारागिरी घरबांधणीच्या सुतारांची आहे आणि तिचं श्रेय त्यांनाच मिळायला हवं.

आरमाराची फुटलेली जहाजं तर बहुतांशी आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर लागली होती.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.