तपकिरीवर चहा प्यायल्याने निकोटीन उतरत नाही

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला, पण उत्साह दांडगा. "अगं, तुला एक मेसेज पाठवलाय, वाच. मी चार दिवस करून बघतेय, नाक कसं मोकळं होतं!" मेसेज वाचला आणि माझं डोकंच फिरलं. मथळा होता 'चहा आणि तपकीर: जाणकारांची जोडी'. कुठल्या चहाबरोबर कुठली तपकीर ओढावी याची लांबलचक यादी, आणि मध्येमध्ये आरोग्याचे दावे पेरलेले: तपकिरीने सायनस बरा होतो, धूर नाही म्हणून कॅन्सर नाही, चहा घेतला की निकोटीन धुऊन निघतं. वर 'चहा उकळता प्यावा' अशी सूचना आणि तपकीर ही राजेराण्यांची परंपरा असल्याचा दाखला. आत्याला 68 वर्षं पूर्ण झाली आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि आजवर तिने तंबाखूला कधी हात लावला नव्हता. आता तिच्या उशाशी तपकिरीची डबी आहे. तेव्हा हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेते. मेसेजमध्ये म्हटलंय, 'तपकीर ओढल्यावर दहा मिनिटांत गरम चहा घ्यावा, म्हणजे निकोटीन निघून जाते आणि व्यसन लागत नाही.'

दहा मिनिटांत निकोटीन कुठे पोचलेलं असतं, हे मोजून झालंय. 1981 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तपकीर ओढणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासण्यांवर एक अभ्यास छापून आला. सराईत माणसाने चिमूटभर तपकीर ओढली की दहा मिनिटांच्या आत त्याच्या रक्तातलं निकोटीन एखादी सिगारेट ओढल्यासारखं वर जातं, आणि रोज ओढणाऱ्यांच्या रक्तातली पातळी अट्टल धूम्रपान करणाऱ्यांच्या बरोबरीची भरते, असं त्यात दिसलं. यात नवल नाही. नाकाच्या आतलं अस्तर पातळ असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी निकोटीनचा नाकात मारायचा फवारा औषध म्हणून निघाला, तो याच कारणाने.

म्हणजे तुम्ही चहाचा पहिला घोट घेता तेव्हा निकोटीन रक्तातून मेंदूत जाऊन पोचलेलं असतं. चहा उतरतो पोटात. तो रक्तातलं निकोटीन कसा धुणार? ते काम यकृताचं, आणि ते आपल्या गतीने चालतं: रक्तातलं निकोटीन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. वर एक कप चहा प्या नाहीतर चार, त्यात काही फरक पडत नाही. उलट निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि चहातलं कॅफीनही तात्पुरतं तेच करतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईला ही जोडी 'औषधी' म्हणून सांगायची? मला याचा खरोखर संताप येतो.

व्यसन लागत नाही म्हणे! या पद्धतीने ते जास्त पक्कं बसतं. ज्यांनी तंबाखू सोडायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा, तलफ कधी येते. जेवण झाल्यावर, कामातून उठल्यावर, आणि हातात चहाचा कप आला की. कारण मेंदूने त्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवलेली असते. तंबाखू सोडवणारे समुपदेशक पहिल्या काही आठवड्यांत चहा-कॉफीची वेळ, जागा, कप बदलायला सांगतात ते ही गाठ सुटावी म्हणून. आणि हा मेसेज काय शिकवतो? सकाळच्या चहाला ही तपकीर, दुपारच्याला ती, संध्याकाळी तिसरी. दिवसातल्या प्रत्येक चहाला निकोटीन बांधून द्यायचं. चहा काही कुणी सोडत नाही. मग ही तपकीर सुटायची कशी?

आता सायनस. 'शिंकांवाटे साठलेली घाण बाहेर पडते' असा दावा आहे. शिंक ही नाकाची तक्रार आहे. झोंबणारी पूड आत गेली, मज्जातंतू चाळवले, नाकाने ती बाहेर फेकायचा प्रयत्न केला, एवढाच त्याचा अर्थ. पाणी येतं तेही त्या पुडीमुळे आलेलं असतं, आधीपासून साठून राहिलेलं नसतं. नाकाच्या अस्तरावर बारीक केसांसारख्या लवी असतात. त्या अखंड हलत राहून शेंबूड आणि धूळ घशाकडे ढकलतात, आणि नाकाची खरी सफाई ती. रोज तंबाखूची पूड ओढली की हे अस्तर सुजतं आणि लवींचं काम मंदावतं. मग नाक चोंदतं. चोंदलं म्हणून माणूस पुन्हा डबी उघडतो.

पण आत्याला मोकळं वाटलं, ते खोटं नाही. तिच्या डबीवर मेन्थॉल लिहिलंय. मेन्थॉल नाकातल्या थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, त्यामुळे हवा जास्त येतेय असा भास होतो. प्रत्यक्ष हवेचा प्रवाह मोजला तर तो होता तितकाच असतो. आणि हेही कबूल करते की गरम चहाच्या वाफेने चोंदलेल्या नाकाला थोडा वेळ बरं वाटतं. मग नुसता चहा घ्या ना. सायनससाठी मिठाच्या पाण्याने नाक धुणं आहे, डॉक्टरांनी दिलेले फवारे आहेत. त्यात तंबाखूची गरज कुठे आली?

राहिली ती जोड्यांची यादी, म्हणजे मेसेजचा मुख्य माल. अर्ल ग्रेबरोबर पुदिन्याची तपकीर, धुरकट लॅपसँग सूशाँगबरोबर रॅपी नावाची गडद ओलसर तपकीर, ग्रीन टीबरोबर फुलांच्या वासाची. वाचायला झकास आहे. रविवारी आत्याकडे गेले तेव्हा तिने मला करूनच दाखवलं. चिमूट घेतली, एक नाकपुडी दाबून दुसरीने ओढली. लागोपाठ तीन शिंका. डोळ्यांतून पाणी, पांढऱ्या रुमालावर तपकिरी ओघळ. मग तिने अर्ल ग्रेचा कप ओठाला लावला. मी विचारलं, "आत्या, वास कसला येतोय?" या चहात बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल असतं. शेजारच्या खोलीत बसलेल्यालाही त्याचा वास लागतो. तिने दुसरा घोट घेतला, थोडं थांबली आणि म्हणाली, "गरम आहे."

बस, सगळी यादी इथेच निकालात निघते. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शासारखी भरीव चव. चहाचा तुरटपणा तोंडाला कळतो. पण एक चहा दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो वासाने, आणि तो वास घोटाबरोबर घशाच्या मागून वर नाकात जातो. ग्रीन, ऊलाँग, काळा, पांढरा, सगळे एकाच जातीच्या झुडपाच्या पानांचे. फरक घडतो तो पानावर पुढे काय प्रक्रिया झाली त्यातून, आणि तो मुख्यतः सुगंधात उतरतो. नाकात जळजळीत पूड कोंबून, अस्तर सुजवून, वर पाणी वाहवून तो सुगंध घ्यायला सांगणाऱ्याने तो चहा कधी नीट चाखला असेल, यावर माझा विश्वास नाही.

कॅन्सरच्या दाव्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. तपकीर जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. सिगारेटच्या तुलनेत फुप्फुसांना ती कमी घातक, हे बरोबर. पण ही तुलना सिगारेट ओढणाऱ्याच्या कामाची. आत्या ओढत नव्हती. तिच्यासाठी तुलना तपकीर आणि काहीच नाही यांच्यात आहे. पानं सुकवताना आणि आंबवताना तंबाखूत नायट्रोसमाइन्स नावाची रसायनं तयार होतात. त्यांतली दोन, एनएनएन आणि एनएनके, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहेत. धूरविरहित तंबाखूही त्याच गटात आहे, तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. यातला बहुतेक पुरावा तोंडात ठेवायच्या तंबाखूचा आहे, नाकातल्या तपकिरीवर अभ्यास कमी झालेत. पण नाकात ओढलेली पूड तिथेच राहत नाही, घशात उतरते आणि गिळली जाते.

'चहा उकळता प्यावा' ही सूचनाही त्याच संस्थेने 2016 साली निकालात काढली: 65 अंश सेल्सियसच्या वरचं पेय कॅन्सरला कारण ठरण्याचा संभव आहे, अन्ननलिकेच्या. राजेराण्यांच्या परंपरेबद्दल एवढंच सांगते की युरोपात तपकिरीची चलती होती त्याच काळात, 1761 साली, लंडनमध्ये जॉन हिल नावाच्या वैद्याने तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींबद्दल सावध करणारी पुस्तिका छापली होती. राजेराण्यांचा दाखला देणाऱ्याने हेही सांगायला हवं होतं.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग या डबीचं काय करू? बरीच शिल्लक आहे." तिचा नातू दीड वर्षाचा आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो, आणि एवढ्याशा मुलाला थोडं निकोटीनही विषासारखं बाधतं. "आत्या, डबी आधी उशाकडून उचल," मी म्हटलं, "आणि मी येईपर्यंत कुलपात ठेव." कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज ऐकल्यावर मी फोन ठेवला.