पुनावळ्याचा वन बीएचके

पुण्यातल्या प्रत्येक घराण्यात एक न घेतलेली जमीन असते. आमची बाणेरला आहे. "तेव्हा तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं रे," असं म्हणत नारायण पेठेतले आमचे काका दर दिवाळीला तिचा भाव वाढवतात. आपल्या मुलांना तरी हे ऐकावं लागू नये, म्हणून मी फ्लॅटांच्या एका वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकला. तेव्हापासून मला गजर लावावा लागलेला नाही.

रविवारी बिल्डरची गाडी पुनावळ्याला न्यायला आली. मी, ही आणि (फुकट गाडी म्हटल्यावर) काका.

सॅम्पल फ्लॅट ऐसपैस वाटला. का, ते जरा वेळानं कळलं. खोल्यांना दारंच नव्हती. पलंगावर आडवा झालो, तर पाय घोट्यापासून बाहेर. कपाट इतकं उथळ की हँगर तिरका करूनच आत जाईल.

"सर, हिंजवडी फक्त दहा मिनिटं," सेल्सवाली म्हणाली.

"किती वाजता?" हिनं विचारलं.

मुलगी हसून स्विमिंग पुलाकडे वळली. गेटपाशी पाण्याचा टँकर उभा होता, तो ब्रोशरमध्ये दिसला नाही.

मग केबिन, चहा आणि कॉस्ट शीट. साठ लाखांवर मुद्रांक शुल्क ७ टक्के, जीएसटी ५ टक्के, नोंदणीचे ३०,०००. म्हणजे वीट दिसायच्या आत साडेसात लाख. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सूट, हे कळताच हिनं पर्समधून आधार कार्ड काढलं. हप्ता चाळीस हजारांच्या वर, भाडं येणार अठरा हजार. मधल्या खड्ड्याला 'अ‍ॅप्रिसिएशन' (भाववाढ) म्हणतात म्हणे.

"आज वीस टक्के भरलेत तर मॉड्युलर किचन फ्री."

काकांनी चष्मा वर केला. "करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. रेरा कायदा, २०१६, कलम १३." एवढं बोलून दुसरा चहा मागवला.

परतीची गाडी मात्र बुकिंग करणाऱ्यांसाठीच होती. रिक्षा केली. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ती बी विंग दिसती ना, तिथं आमचा ऊस होता. बदल्यात चार फ्लॅट मिळाले."

"मग रिक्षा कशाला चालवता?"

"घरी करमत नाही. एक रिकामा पडलाय बघा, वर्ष झालं. भाडेकरू असला कोणी तर सांगा."